पडद्यामागचं पाणी

आमच्या दवाखान्याच्या तक्रारपेटीची किल्ली काही महिने माझ्याकडे होती. पेटीत दहा चिठ्ठ्या निघाल्या तर त्यातल्या आठ एकाच बाईंबद्दल असायच्या. 'कानाच्या डॉक्टर मॅडम उध्दट आहेत.' 'मॅडमनी माझ्या सासूबाईंचा सगळ्यांसमोर अपमान केला.' 'पेशंट आमचा मुलगा आहे की आम्ही?' एकीने तर नुसतं 'ओरडतात' एवढंच लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. चिठ्ठ्या ऑफिसात द्यायच्या आधी मी त्या मॅडमना दाखवायची. मॅडम एकेक चिठ्ठी शांतपणे वाचायच्या, 'उध्दट' खोडून 'उद्धट' करायच्या, आणि म्हणायच्या, "ने. आता दे."

येरवड्यातलं ते एका ट्रस्टचं रुग्णालय. कुणाला किती ऐकू येतं ते मोजणं हे माझं काम. आवाजबंद खोलीत मुलाच्या कानावर हेडफोन चढवायचे, काचेपलीकडे बसून बारीक आवाज सोडायचे, आणि आवाज आला की मुलाने एक मणी डबीत टाकायचा, असा तो मुलांसाठीचा खेळ. शिक्षण संपवून मी थेट तिथे लागले होते, आणि मॅडम माझ्या वरिष्ठ. पन्नाशीच्या पुढच्या, बुटक्या, काटक. सुती साडी आणि पायात धावायचे बूट. बाई विश्रांतवाडीतच वाढलेल्या. वडील खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. टेबलाच्या काचेखाली बुद्धाचं एक लहानसं चित्र होतं. त्याच्याकडे बोट दाखवून एक गृहस्थ एकदा म्हणाले, "मॅडम, यांच्याकडून थोडी शांती घ्या की."

"त्यांना ओपीडी नव्हती," मॅडम म्हणाल्या.

माणूस इतका रागावलेला असला की लोक त्यामागे काहीतरी दुःख शोधतात. आमच्याकडच्या नर्सेसनी मॅडमसाठी तीन-चार दुःखं तयार ठेवली होती. एकीच्या मते त्यांचं मूल गेलं होतं, दुसरीच्या मते नवऱ्याने टाकलं होतं. मी त्यांच्या घरी गेले आहे. नवरा बँकेतून निवृत्त, हसरा माणूस. त्याने आम्हाला चहा करून दिला आणि बायको राजकारण्यांना शिव्या देत होती ते मजेत ऐकत बसला. दोन मुलं, दोन्ही मार्गी लागलेली. दुःखबिःख काही नव्हतं. रोज समोर जे दिसत होतं त्याचा त्यांना राग यायचा, इतकंच. उरलेल्या आम्हा सगळ्यांना तो का येत नव्हता, हे खरं तर कुणीतरी शोधायला हवं होतं.

मुलांवर त्या ओरडल्याचं मला आठवत नाही. एकदाही नाही. मूल खोलीत आलं की ते फिरत्या खुर्चीत बसायचं आणि आईबापांनी मागे उभं राहायचं, तोंड बंद ठेवून. "याला ना डॉक्टर, लहानपणापासून..." अशी सुरुवात कुणी केली की मॅडम मान वर न करता म्हणायच्या, "आपल्याला काय होतंय? नाही ना? मग थांबा." मग केसपेपर तोंडापुढे धरून, ओठ दिसू न देता, त्या मुलाला हळू आवाजात काहीतरी विचारायच्या. डोसा आवडतो की वडा? मांजर पाळलंय का? मूल काय उत्तर देतं यावरून निम्मी तपासणी तिथेच व्हायची.

काही वाक्यांना त्यांच्या खोलीत बंदी होती. 'सर्दी काय, मुलांना होतेच' हे पहिलं. 'मोठा झाला की आपोआप जाईल' हे दुसरं. कानात गरम तेल घालणाऱ्यांना तर त्या सोडायच्याच नाहीत. एक आजोबा लसूण घातलेलं तेल बाटलीतून घेऊन आले होते, मोठ्या अभिमानाने. मॅडमनी बूच काढून वास घेतला. "छान आहे. भजी तळा." आजोबांची चिठ्ठी त्याच संध्याकाळी पेटीत पडली.

आधी नाक, मग कान, हा त्यांचा क्रम. ज्या मुलांचं नाक ॲलर्जीने कायम वाहतं किंवा चोंदतं, ती मुलं तळहाताने नाक खालून वर पुसत राहतात. वर्ष-दोन वर्षं असं केलं की नाकाच्या शेंड्याच्या थोडं वर एक आडवी रेघ पडते. मॅडम ती रेघ दारातूनच टिपायच्या. मग प्रश्न सुरू. गादी किती जुनी? भिंतीला ओल आहे? धूप जाळता? मच्छर अगरबत्ती? खिडकीमागे कबुतरं? उत्तरावर विश्वास बसला नाही की रविवारी स्कूटर काढून सरळ त्या पत्त्यावर. धानोरीत सातव्या मजल्यावरच्या एका घरी मीही त्यांच्याबरोबर गेले होते. नवरा-बायको दोघं आयटीत, घर चकचकीत. मुलाच्या पलंगावर कापसाच्या प्राण्यांची फौज, खिडकीमागच्या डक्टमध्ये कबुतरांची वसाहत, आणि समोर नव्या टॉवरचं खोदकाम चालू असल्यामुळे खिडकीच्या चौकटीवर बोटभर धूळ.

"त्याला आता सर्दीची सवय झालीये, डॉक्टर," आई म्हणाली.

"श्वास न घेण्याची सवय होत नाही कुणाला," मॅडम म्हणाल्या. "पोतं आहे का घरात?"

सगळे प्राणी पोत्यात भरून धुवायला काढले. डक्टला जाळी लागेपर्यंत त्यांनी त्या सोसायटीच्या सेक्रेटरीला रोज सकाळी फोन केला. टॉवरच्या धुळीबद्दल मात्र त्या कुठेकुठे अर्ज करून थकल्या. पुण्याची हवा काय सुंदर, असं कुणी म्हटलं की आजही माझ्या कपाळाची शीर उडते. ती मॅडमची देणगी.

पण मला सांगायचंय ते सायलीबद्दल. सात वर्षांची, दुसरीतली. जानेवारीत वडील तिला घेऊन आले. ते अकोल्याकडचे, इथे एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक, विश्रांतवाडीत भाड्याने राहणारे. आई मागे, दाराला टेकून. वडिलांच्या हातात प्लास्टिकची फाईल आणि शाळेचा एक फॉर्म. पुढच्या वर्षी मुलीला 'विशेष' शाळेत घालावं, असं शाळेचं म्हणणं होतं, आणि त्या फॉर्मवर कान ठीक असल्याचा डॉक्टरचा शिक्का हवा होता.

"फक्त सही पाहिजे, मॅडम," वडील म्हणाले. "कान तिचे ठीकच आहेत. ऐकूनच नाही राहिली ती. किती समजावलं. ओरडलं तरी हसते, मारलं तर तेवढ्यापुरती रडते, अन् पुन्हा हसते. निर्लज्ज झाली आहे एकदम."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्या सायलीच्या नाकावरची रेघ बघत होत्या. केसपेपर तोंडापुढे धरून त्यांनी विचारलं, "तुझ्या फ्रॉकवर कोण आहे गं?"

सायली हसली.

"नाव काय तुझं?"

सायलीने थोडा विचार केला. मोठी माणसं साधारण काय विचारतात ते तिला ठाऊक होतं. "सेकंड बी," ती म्हणाली, आणि पुन्हा हसली.

वडिलांनी कपाळावर हात मारला. "पाहा. असं आहे."

मॅडम उठल्या. त्यांनी दोन्ही कान दुर्बिणीतून पाहिले, मग मला म्हणाल्या, "ये. बघ." निरोगी कानाचा पडदा शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा चमकतो. हा मधासारखा पिवळट होता, मळका, आत ओढला गेलेला. कानाच्या पडद्याची हालचाल मोजणारं यंत्र लावलं. जिथे डोंगरासारखा उंचवटा उमटायला हवा तिथे सपाट रेघ. दोन्ही कानांना. पडद्यामागे पाणी साचून घट्ट झालं होतं.

हे समजायला काही अवघड नाही. नाकाच्या मागून कानापर्यंत एक नळी जाते, तिच्यातून कानाला हवा मिळते. नाक सतत सुजलेलं राहिलं की ती नळी बंद पडते. हवा जात नाही, आत पाणी झिरपतं, आणि महिनोन्महिने राहिलं की त्याचा गोंद होतो. बहुतेक वेळा दुखत नाही, पू येत नाही, ताप येत नाही. फक्त मूल ऐकेनासं होतं. आवाजबंद खोलीत मी मोजलं तेव्हा कळलं की आपण समोर बसून बोलतो त्यातलं जेमतेम निम्मं तिच्यापर्यंत पोचत होतं, तेही तुटकं, उशीतून यावं तसं. गजबजलेल्या वर्गात तर काहीच नाही.

"कान ठीक आहेत असं कोण म्हणालं?" मॅडमनी वडिलांना विचारलं.

"इथंच तपासले होते ना, मागच्याच्या मागच्या डिसेंबरात." त्यांनी फाईलमधून कागद काढला.

खाली माझी सही होती.

तो दिवस मला पुढे नीट आठवला. मॅडम रजेवर होत्या. बाहेर रांग होती, जेवायची वेळ टळून गेली होती. तेव्हाही रेघ सपाटच आली होती. मुलगी हलली असेल, यंत्राचं टोक नीट बसलं नसेल, असं मी ठरवून टाकलं. कागदावर माझ्याच अक्षरात होतं: 'मुलीने सहकार्य केले नाही. सर्दी गेल्यावर पुन्हा आणावे.' बदलीवरच्या डॉक्टरांनी खाली नाकाचे थेंब लिहिले होते.

"मग पुन्हा का नाही आणलं?" मॅडमनी विचारलं.

"सर्दी गेल्यावर आणा म्हटलं होतं," वडील प्रामाणिकपणे म्हणाले. "सर्दी तर गेलीच नाही, मॅडम."

त्यांच्यासमोर मॅडम मला एक शब्द बोलल्या नाहीत. नाकाचा स्प्रे लिहिला, तो कसा मारायचा ते आईला दाखवलं, शाळेचा फॉर्म स्वतःकडे ठेवून घेतला. मंडळी गेल्यावर त्यांनी दार लावलं.

"तेरा महिने," त्या म्हणाल्या. मग एकदम आवाज चढला. "सहकार्य केलं नाही? सहा वर्षांची पोर! तिनं तुला सहकार्य करायचं? पगार कुणाला मिळतो, तिला का तुला? यंत्र तुला ओरडून सांगत होतं की आत पाणी आहे, आणि तू यंत्राचंही ऐकलं नाहीस! या तेरा महिन्यांत तिनं किती मार खाल्ला असेल? त्यातला निम्मा तुझ्या सहीनं खाल्लाय. हा कागद वाचून बापाची खात्री पटली की पोरगी ढोंग करतेय!"

मी रडायला लागले.

"रडू नकोस. नाक चोंदेल," मॅडम म्हणाल्या, आणि दार उघडून पुढच्या पेशंटला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी व्हॅसलीनमध्ये भिजवलेला कापूस माझ्या दोन्ही कानांत घट्ट बसवला. संध्याकाळपर्यंत काढायचा नाही, कुणाला सांगायचं नाही, आज तू फक्त काउंटरवर बसायचंस. मला वाटलं, ठीक आहे, शिक्षा तर शिक्षा. अकरा वाजेपर्यंत माझं डोकं दुखायला लागलं, कारण प्रत्येकाच्या ओठांकडे बघावं लागत होतं. 'काय?' असं तीनदा विचारलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. चौथ्यांदा विचारायची लाज वाटते. मग मी मान हलवायला लागले. दुपारपर्यंत मी हसायलाही शिकले. हसणं सगळ्यात सोपं होतं, त्यावर कुणी पुढे विचारत नाही. तीनच्या सुमाराला ओळखीची एक बाई आली, बराच वेळ काहीतरी बोलली. मी हसले. ती माझ्याकडे बघतच राहिली आणि निघून गेली. तिच्या वडिलांना आदल्या दिवशी अतिदक्षता विभागात हलवलं होतं, हे मला नंतर कळलं.

संध्याकाळी मॅडमनी चिमट्याने कापूस काढला. "ती का हसते कळलं?" एवढंच विचारलं.

त्याच आठवड्यात त्या मला घेऊन सायलीच्या शाळेत गेल्या. मुख्याध्यापिकांनी आम्हाला पाणी दिलं आणि समजूत घातल्यासारखं बोलायला सुरुवात केली. "आमच्या एका वर्गात पन्नास मुलं असतात, डॉक्टर. प्रत्येकाकडे वैयक्तिक लक्ष देणं शक्य नसतं. आणि ही लक्षच देत नाही. डायरीत दर आठवड्याला रिमार्क आहे."

"म्हणजे तुम्ही लक्ष देऊ शकत नाही, कारण पन्नास आहेत. ती देत नाही, कारण ती मंद आहे," मॅडम म्हणाल्या. "बसवता कुठे तिला?"

"मागे. ती इतरांना डिस्टर्ब करते. सारखी शेजारणीला विचारत असते, बाई काय म्हणाल्या."

मॅडमचा चेहरा मी पाहिला. पण त्या ओरडल्या नाहीत. पिशवीतून तो फॉर्म काढला आणि शिक्क्याच्या जागी ठळक अक्षरांत लिहिलं: 'मुलीला ऐकू येत नाही. उपचार चालू. बुद्धी शाबूत आहे. इतरांची तपासलेली नाही.' खाली सही, तारीख. "पहिल्या बाकावर बसवा," त्या म्हणाल्या, आणि पाणी न पिता उठल्या.

या वाक्याची तक्रार पेटीत पडली नाही, शाळेच्या लेटरहेडवर आली. कमिटी बसली. एका सद्गृहस्थांनी विचारलं, "मॅडम, तुम्हाला जरा गोड बोलता येत नाही का?"

"येतं. मुलांशी बोलते."

मलाही बोलावलं होतं. मॅडम ओरडतात हे खरं का, असं विचारलं. मी हो म्हणाले. कशासाठी ओरडतात ते कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. याचाही राग मला आहे, आणि तो कमिटीवर काढून संपत नाही. पुढच्या वर्षी मॅडमचा करार वाढवला गेला नाही. आता त्या विश्रांतवाडीत दोन खोल्यांत मुलं तपासतात. मी कात्रजला एका दवाखान्यात असते. अधूनमधून त्यांचा फोन येतो. नमस्कार-चमत्कार काही नाही. "आज किती सपाट रेघा?" मी आकडा सांगते. त्या एक शिवी हासडतात आणि फोन ठेवतात.

सायलीचं नाक स्प्रेने दीड महिन्यात मोकळं झालं, कान झाले नाहीत. वर्षभराचा गोंद तो. शस्त्रक्रिया करावी लागली. नाकामागची वाढलेली गाठ काढली, दोन्ही पडद्यांत तांदळाच्या दाण्याहून लहान नळ्या बसवल्या. पडद्यामागून जे निघालं ते शोषनळीला तार धरून लोंबत होतं. मॅडमनी ते बाटलीत घालून वडिलांना दाखवलं. "हा तुमच्या मुलीचा हट्टीपणा."

दोन महिन्यांनी ती तपासणीला आली. मी तिच्या कानांवर हेडफोन चढवले. आवाज कमी करत करत अगदी तळाला नेला, तरी मणी डबीत पडत राहिला. घरी कुकरची शिटी झाली की कान झाकते, असं आई हसत सांगत होती; सगळ्यांना म्हणते, हळू बोला ना. वर्गात पहिल्या बाकावर होती. पण पहिलीतली अक्षरं, बेरजा, गाणी, जे सगळं तिच्या डोक्यावरून गेलं होतं, ते पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागत होतं, आणि 'स' आणि 'श' अजून गोंधळत होते. ते वर्ष कुणी परत दिलं नाही.

वडील पेढे घेऊन आले होते. "देवाची कृपा, मॅडम."

"देवाला मध्ये घेऊ नका," मॅडम म्हणाल्या. मग खुर्ची सायलीकडे वळवली. "तुला काही विचारायचंय का गं? आता सगळ्यांना विचारायची पाळी तुझी."

सायलीने पाय हलवत आधी आईकडे पाहिलं, मग मॅडमकडे. "मला तेव्हा ऐकू येत नव्हतं ना?"

"नव्हतं."

"मग पप्पा मला का मारायचे?"

वडील कसनुसं हसले. पेढ्यांचा बॉक्स या हातातून त्या हातात घेतला. "चल बेटा, जाऊ दे ते आता. घरी बोलू."

"घरी नाही," मॅडम म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता, अगदी खालचा होता. "इथं. उत्तर द्या. आता तिला ऐकू येतं."

त्या माणसाचे ओठ दोनदा हलले. तिसऱ्यांदा आवाज फुटला. "मला समजलं नव्हतं, बेटा. चुकलं माझं."

"पण मी सांगितलं होतं," सायली म्हणाली. तक्रार म्हणून नाही, नुसती माहिती द्यावी तसं. "कानात बुडबुडे वाजतात म्हणून. मम्मीला सांगितलं, टीचरला सांगितलं." तिने मान वळवली आणि माझ्याकडे बोट केलं. "ह्या ताईंना पण सांगितलं. तिकडे काचेच्या खोलीत. त्या म्हणाल्या, गप्प बस, मला काम करू दे."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी वाट बघितली, की आता त्या ओरडतील. फार बरं झालं असतं. त्या काहीच बोलल्या नाहीत. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि सायली तर उत्तराची वाट बघत होती.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"हो," मी म्हणाले. "तू सांगितलं होतंस. मीच ऐकलं नाही."